जळक्या तेलाची दुसरी नोकरी

घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेनची खाऊगल्ली आहे. तिच्या जवळपासच्या एका फरसाणाच्या दुकानामागे मी एकदा उगाच रेंगाळलो होतो. आत भली मोठी कढई, तिच्यावर सोऱ्या धरलेला कारागीर आणि शेवेचे पिवळे वेटोळे तेलात पडताना होणारा तो चर्रर्र आवाज. इतक्यात एक पोरगा आला. त्याच्या हातात जाडजूड थर्मामीटरसारखं काहीतरी होतं. त्याने ते गरम तेलात बुडवलं, थोडा थांबला. पडद्यावर आकडा आला २७ आणि शेजारी लाल दिवा लागला.

"गेलं हे," मालक म्हणाले.

थोड्या वेळाने निवलेलं ते तेल पंधरा किलोच्या डब्यात ओतलं गेलं. रंग कडक चहासारखा. मी पोराला विचारलं, "याचं काय करता रे?" तो म्हणाला, "गाडीत टाकणार, काका." मी म्हटलं, ते दिसतंच आहे, टेम्पो बाहेर उभाच आहे. तो हसला. "टेम्पोत नाही हो. टेम्पोच्या टाकीत!"

तुम्ही-आम्ही खाल्लेल्या शेवेचं, वड्याचं, भज्याचं तेल ट्रकच्या इंजिनात जळू शकतं, हे मी ऐकून होतो. पण ऐकणं वेगळं आणि तो काळपट डबा समोर बघणं वेगळं. या तेलाला साधी पुरी तळायची परवानगी उरलेली नाही, आणि तेच तेल दहा टनांचा ट्रक ओढणार? कसं काय?

आधी त्या लाल दिव्याचं बघू. तेल तापलं की कढईत तीन उपद्व्याप एकाच वेळी सुरू होतात. बटाट्यातलं पाणी तेलाचे रेणू फोडतं, हवेतला ऑक्सिजन त्यांना कुरतडतो आणि उष्णतेने काही रेणू एकमेकांना चिकटून त्यांची चिकट साखळी बनते. या सगळ्या मोडतोडीतून जो माल तयार होतो त्याला एकत्रितपणे 'ध्रुवीय संयुगं' म्हणतात. तो पोरगा तीच मोजत होता. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्क्यांवर आणून ठेवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल खाण्यातून बाद.

मीटर नसला तरी डोळ्यांनी थोडं कळतं. ताज्या तेलात वडा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि पटकन फुटतात. म्हाताऱ्या तेलावर मात्र बारीक फेस धरतो आणि हलत नाही. कारण ही मोडकी संयुगं थोडीफार साबणासारखी वागतात. पुढच्या वेळी गाडीवर वडापाव घेताना आधी कढईकडे बघा. फेस दिसला तर मी तरी पुढच्या गाडीकडे जातो.

आता इंजिनाकडे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतोच! मग आग लावतं कोण? सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका बसण्याइतकं तापतं, आठवतं? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन हवेला दाबून तिच्या मूळ आकाराच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबतं, तेव्हा ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या धगीत इंधनाचा फवारा उडाला की काडी न लावता पेट घेतो. सारी करामत दाबलेल्या हवेची.

आणि म्हणूनच या इंजिनाला इंधनाच्या बाबतीत फारसे नखरे नाहीत. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं इंजिन १८९३ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये पहिल्यांदा धडधडलं, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एका फ्रेंच कंपनीने छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या लक्षात आलं की आत रॉकेलबिकेल काही नसून शेंगदाणा आहे. (दर १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत १८९३ आणि शेंगदाणा यांची हमखास एकत्र मोट बांधली जाते. इंजिन १८९३ चं, शेंगदाणा १९०० चा. असो, दिवस चांगला आहे.)

मग पंचाईत कुठे आहे? डबा उचलावा आणि टाकीत रिकामा करावा की!

करून बघू नका. घरी एक साधा प्रयोग मात्र करा. एका चमच्यात पाणी आणि दुसऱ्यात खायचं तेल घेऊन दोन्ही तिरके करा. पाणी धावतं, तेल आळसावत उतरतं. डिझेल बरंचसं पाण्याच्या बाजूचं आहे आणि खायचं तेल त्याच्या दहापट तरी घट्ट. आता आजच्या ट्रकचं नोझल डोळ्यांपुढे आणा. त्याची भोकं साधारण एक-दोन केसांच्या जाडीची. त्यातून इंधन २,००० बारपर्यंतच्या दाबाने फवारलं जातं, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या सुमारे ९०० पट. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला सोळाहून जास्त वेळा हा फवारा उडतो आणि दर वेळी त्याला मिळतात एक-दोन मिलिसेकंद. एवढ्यात इंधनाचं धुकं व्हायला हवं. घट्ट तेलाचं धुकं होत नाही, थेंब होतात. थेंब अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशी काळी खरपूड जमते. मेकॅनिक सांगतो, "कार्बन पकडलाय." त्यापुढचं बिल ऐकायला बसूनच घ्यावं.

पॅरिसमधलं ते इंजिन सावकाश चालणारं, दणकट, जुन्या वळणाचं होतं. आजचं इंजिन नाजूक खानदानातलं आहे. तेव्हा तेल पातळ करायला हवं. पण कसं? रॉकेल मिसळून? उकळून? इथे रसायनशास्त्राने जी शक्कल लढवली आहे ती मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत देखणी वाटते. आणि ती समजून घ्यायला अंधेरी स्टेशनाबाहेरच्या रिक्षा स्टँडवर जाणं पुरेसं आहे.

खायच्या तेलाचा एक रेणू म्हणजे एक रिक्षा समजा. रिक्षाचं नाव ग्लिसरीन. तिच्यात तीन प्रवासी, तेही मुंबईच्या नियमाप्रमाणे अगदी मोजून तीन. प्रत्येक प्रवासी म्हणजे सोळा-अठरा कार्बनची लांबलचक साखळी, जिला फॅटी आम्ल म्हणतात. तीन लंबूटांगे एका रिक्षात बसलेत, सहा पाय बाहेर आलेत. अशा हजारो रिक्षा एका बोळात घुसल्या तर काय होईल? एकमेकींत अडकतील. तेलाचा घट्टपणा म्हणजे हीच वाहतूक कोंडी.

उपाय काय? प्रवाशांना खाली उतरवा आणि एकेकाने चालत जाऊ द्या. बोळ मोकळा!

यासाठी लागतं मिथेनॉल, एकाच कार्बनचं चिमुकलं अल्कोहोल, आणि सोबत चिमूटभर कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश. तापमान साठ अंशांच्या आसपास, म्हणजे चहा उकळायला लागतं त्याच्याही बरंच खाली. कॉस्टिक रिक्षाचं दार उघडतं, एकेक प्रवासी उतरतो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मिथेनॉलची एक छोटी टोपी बसते. टोपीवाला प्रवासी म्हणजे बायोडिझेलचा रेणू. एका रिक्षातून तीन बायोडिझेल आणि मागे उरलेली रिकामी रिक्षा म्हणजे ग्लिसरीन, जे तुमच्या खोकल्याच्या औषधात आणि क्रीममध्ये असतं.

यात एक गंमत आहे. उतरलेले प्रवासी पुन्हा रिक्षात बसायला एका पायावर तयार असतात, म्हणजे ही क्रिया उलटीही चालते. म्हणून गरजेच्या दुप्पट मिथेनॉल ओततात. टोप्यांचा एवढा ढीग घातल्यावर कोण मागे वळेल? शिवाय ग्लिसरीन जड असल्याने ते आपोआप तळाशी जाऊन बसतं. सकाळी टाकी बघितली तर वर सोनेरी पातळ बायोडिझेल आणि खाली मधासारखा गडद थर. शंभर किलो तेल आणि दहा-अकरा किलो मिथेनॉल घातलं की जवळजवळ शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन मिळतं. जेवढं तेल दिलं जवळपास तेवढंच इंधन परत! दुसऱ्या कुठल्या कचऱ्याचा असा हिशोब जुळतो, सांगा बरं? (हा प्रयोग मात्र स्वयंपाकघरात अजिबात करायचा नाही. मिथेनॉल विषारी आहे आणि ते भडकतंही.)

ही युक्ती कालपरवाची नाही. १९३७ साली ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शाव्हान यांनी नेमक्या याच रूपांतराचं बेल्जियममध्ये पेटंट घेतलं. त्यांनी मिथेनॉलऐवजी साधं अल्कोहोल वापरलं होतं, आणि तेल कोणतं? पाम! आपले फरसाणवाले आणि वडेवाले ज्याच्यात तळतात तेच. १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स ते लूव्हाँ ही प्रवासी बस त्या इंधनावर धावली. पुढे महायुद्ध आलं, नंतर स्वस्त खनिज तेलाचा पूर आला आणि जग ती बस विसरलं.

आता थोडं मागे जाऊ, कारण एक प्रश्न मला गप्प बसू देत नाही. इंजिन जमिनीखालच्या डिझेलसाठी बनवलेलं. मग शेतातल्या तेलाचा रेणू त्याला इतका चपखल बसावाच का? कुलूप एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची, असं कसं?

डिझेल किती चटकन पेट घेतं ते 'सिटेन' आकड्याने मोजतात. मोजपट्टीच्या शंभराच्या खुणेवर जो रेणू बसवला आहे, तोच सिटेन. एका ओळीत सोळा कार्बन, बस्स. पामतेलात सर्वांत जास्त असलेलं पामिटिक आम्ल, त्यात कार्बन किती? सोळा. आणि 'सिटेन' हे नाव आलं कुठून? देवमाशाच्या लॅटिन नावावरून! देवमाशाच्या डोक्यातल्या मेणचट चरबीत सोळा कार्बनच्या साखळ्या सापडल्या, त्यावरून हे नाव पडलं. देवमासा, पाम आणि डिझेल एकाच मापाच्या साखळ्या वापरतात.

याचं उत्तर आहे मुंबईच्या पश्चिमेला, दीडशेहून अधिक किलोमीटर आत समुद्रात. बॉम्बे हाय. 'सागर सम्राट'ने १९७४ मध्ये तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ते तेल चेंबूरजवळ माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये येऊ लागलं. घाटकोपरच्या गच्चीवरून दिसते ती चिमणीची ज्योत तिथलीच. पण खडकात हे तेल आलं कसं? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले सूक्ष्म जीव आणि शेवाळ मेलं, चिखलाखाली गाडलं गेलं, दाबाने आणि उष्णतेने शिजलं. त्यांच्या शरीरातली चरबी म्हणजेच आजचं कच्चं तेल. डिझेल ही प्राचीन चरबी आहे आणि बायोडिझेल ही परवाची. एकाच कुळातली पणजी आणि पणती. कुलूप-किल्ली जुळली यात नवल कसलं? नवल आहे ते आपण इतकी वर्षं पणतीला मोरीत ओतत होतो याचं.

पण परवाच्या चरबीकडे एक गोष्ट आहे जी पणजीने कोट्यवधी वर्षांत गमावली आहे. ऑक्सिजन. बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, साध्या डिझेलमध्ये जवळपास शून्य. काळा धूर होतो तो कशाने? फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन भरपूर आणि हवा कमी, म्हणून कार्बन न जळता काजळी होऊन बाहेर पडतो. चूल धुमसायला लागली की आजी फुंकणी घ्यायची ना, तसंच. बायोडिझेलचा प्रत्येक रेणू स्वतःची छोटी फुंकणी सोबत घेऊन सिलिंडरमध्ये उतरतो. विहिरीत बुडी मारण्याआधी छातीत भरून घेतलेला श्वासच म्हणा.

याचा परिणाम किती? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००२ मध्ये जड वाहनांवरच्या साऱ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळलं तर धुरातले कण सुमारे १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी आणि न जळलेलं इंधन २१ टक्क्यांनी कमी. शंभर टक्के बायोडिझेल वापरलं तर कण जवळपास निम्मे. चाचण्यांतली इंजिनं जुनी होती हे लक्षात ठेवा. नव्या गाड्यांत काजळी पकडायला एक्झॉस्टमध्येच जाळी बसवलेली असते, तिथे फरक कमी जाणवतो. पण एलबीएस मार्गावर मुलुंडच्या बाजूला तुमच्यापुढे जो पाण्याचा टँकर काळी पिचकारी मारत चढ चढतो, तो काही नव्यांपैकी नसतो.

आणि एक उणी बाजूही सांगितलीच पाहिजे. त्याच चाचण्यांत नायट्रोजनची ऑक्साइडं थोडी वाढली, २० टक्के मिश्रणाला साधारण २ टक्क्यांनी. शिवाय लिटरमागे ऊर्जाही डिझेलपेक्षा थोडी कमी मिळते. फुंकणीचा श्वास काही फुकट येत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा बंदोबस्त आजकाल कशाने करतात माहीत आहे? युरियाने! शेतात टाकतात तोच पदार्थ, फक्त अतिशय शुद्ध, पाण्यात ३२.५ टक्के प्रमाणात विरघळवून वेगळ्या छोट्या टाकीत भरलेला. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि विषारी ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होतं, जो आपण दर श्वासाला घेतोच. नव्या ट्रकच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी दिसली तर ती हीच.

मला मात्र सर्वांत मोठा धक्का बसला तो एका वेगळ्याच गोष्टीने, आणि तिचा धुराशी संबंध नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचं डिझेल आलं. आधीच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालायचं, आता फक्त १०. हवेसाठी उत्तम. पण गंधक काढताना डिझेलमधले काही चिकट, तुळतुळीत रेणूही निघून जातात, आणि डिझेलचा पंप तर त्याच रेणूंवर घसरत चालतो. त्याला वेगळं वंगण नसतं, डिझेलच त्याचं वंगण. स्वीडनने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल असं धुऊन लख्ख केलं आणि पाठोपाठ गाड्यांचे पंप झिजायला लागले. स्वच्छतेच्या नादात अंगचं तेलच धुतलं गेलं, अंघोळीनंतर थंडीत कातडी तडकते तसं.

उपाय? दोन टक्के बायोडिझेल. इतकंसं घातलं की वंगणपणा परत येतो. त्या टोपीवाल्या प्रवाशांची टोपीकडची बाजू धातूला चिकटून बसते आणि शेपट्या बाहेर राहतात. धातूवर रेणूएवढ्या जाडीची लव उगवते. आजीने लोखंडी तव्यावर तेलाचं बोट फिरवण्याचा हाच अर्थ. रिफायनऱ्या यासाठी वेगळं रसायनही वापरतात, आणि ते बहुतेकदा बनतं कशापासून? झाडांतून निघालेल्या फॅटी आम्लांपासूनच. फिरून कढईकडे.

डिझेलमध्ये अशी चिमूटभर घालायची आणखी बरीच औषधं आहेत. नोझलवरची खरपूड धुणारी द्रव्यं असतात, तीही एका बाजूने चिकट आणि दुसऱ्या बाजूने तेलकट, म्हणजे साबणाच्या जातीची. पेट लवकर घेण्यासाठी एक नायट्रेट मिसळतात. हजार लिटरला अर्धा-एक लिटर घातलं तरी सिटेनचा आकडा काही अंकांनी वर जातो, कारण हा रेणू इतका उतावीळ आहे की उष्णता लागताच आधी स्वतः फुटतो आणि इतरांना पेटवतो. मला विचाराल तर बाटलीबंद औषधं टाकीत ओतण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. पंपावरच्या डिझेलचा सिटेन आकडा आता निदान ५१ असावाच लागतो. निरोगी माणसाने रोज टॉनिक प्यायलं म्हणून त्याची कुस्तीची ताकद वाढत नाही.

आता मुंबईच्या हवेकडे. थंड देशांत बायोडिझेलचा मोठा शत्रू म्हणजे गोठणं. पामतेलाचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपास धुरकट व्हायला लागतं, हिवाळ्यात खोबरेल गोठतं तसं. सांताक्रूझला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १९६२ च्या जानेवारीतलं ७.४ अंश आहे, म्हणजे एखाद्या थंड पहाटे शंभर टक्के पाम बायोडिझेल बोरिवलीतही रुसू शकतं. पण पाच-सात टक्के मिश्रणाला त्याची पर्वा नाही. आपला खरा शत्रू आहे पावसाळा. बायोडिझेलला पाण्याची ओढ असते, ते दमट हवेतला ओलावा शोषून घेतं. तळाला पाणी साचलं की तेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वस्ती करतात आणि बुळबुळीत शेवाळी थर धरतो. मुळात हे अन्नच आहे, जंतूंना कोण अडवणार? म्हणून टाकी भरलेली ठेवायची, तळाचं पाणी काढत राहायचं आणि माल महिनोन्‌महिने साठवायचा नाही.

दुसरी गंमत मला साकीनाक्याजवळच्या एका मेकॅनिकने सांगितली. एका जनरेटरवाल्याने बायोडिझेल मिश्रण सुरू केलं आणि आठवड्यात फिल्टर चोक. पुन्हा बदलला, पुन्हा चोक. मालक म्हणे, इंधन भिकार आहे. मेकॅनिकने टाकी उघडली. आत दहा वर्षांचा डिझेलचा गाळ होता आणि बायोडिझेल तो घासूनपुसून काढत होतं! ते विरघळवण्यात पटाईत असल्याने आपल्याआधीच्या सगळ्यांची घाण साफ करतं आणि आळ मात्र त्याच्यावर येतो. जुन्या गाड्यांतले रबरी पाइपही ते फुगवतं. म्हणूनच नेहमीच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंतच बायोडिझेल मिसळायची मुभा भारतीय मानकाने दिली आहे.

मग हे कुठे चालू आहे का, की सगळं कागदावर? मुंबईत सात-आठ वर्षांपूर्वी बर्गर विकणाऱ्या मॅकडोनाल्ड्सने आपल्या शहरातल्या ८५ दुकानांतलं जळकं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायला सुरुवात केली आणि माल पोचवणारे स्वतःचेच ट्रक त्यावर चालवले. महिन्याला ३५,००० लिटर तेल, असं कंपनीने तेव्हा जाहीर केलं होतं. ज्या तेलात बटाटा तळला त्याच तेलावर पुढचा बटाटा दुकानात आला. १० ऑगस्ट २०१८ ला एफएसएसएआयने 'रुको' ही जळकं तेल गोळा करण्याची योजना आणली. मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांसाठी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये भाव देऊ केला.

पण तेलाच्या दोन वाटा आहेत. एक टाकीकडे जाते आणि दुसरी परत कढईकडे. काळं झालेलं तेल स्वस्तात विकत घेऊन त्यात पुन्हा तळणारे आहेतच, आणि त्यांचा भाव टाकीवाल्यांपेक्षा चढा असला की डबा तिकडे वळतो. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत देशाच्या डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य ठेवलं आहे, आणि आजवर आपण एक टक्काही गाठलेला नाही. रसायन सोपं निघालं, डबा योग्य टेम्पोत चढवणंच अवघड.

याआधीही एक स्वप्न असंच पडलं होतं. २००३ च्या सुमारास देशभर मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा लावायची लाट आली. माळरानावर पाण्याविना तेल पिकेल म्हणे! पाण्याविना झाड जगलं, बिया मात्र दिल्या नाहीत. त्या गोंधळात बिचारा करंज मागे पडला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एप्रिलमध्ये कोवळ्या पोपटी पानांनी चमकणारा, पायाखाली फिकट जांभळ्या फुलांचा सडा घालणारा करंज तुम्ही पाहिला असेल. त्याच्या बीमध्ये तिसरा हिस्सा तेल असतं, ते कडू असल्याने कोणी खात नाही, म्हणजे ताटाशी त्याचं भांडण नाही. आपल्या खेड्यांत हे तेल दिव्यात जाळायचे आणि खरजेवर लावायचे. करंजाने मुंबईचे ट्रक चालणार नाहीत, जळक्या तेलानेही नाहीत. एवढं तेल तळायला सगळं शहर अहोरात्र भजी खात बसावं लागेल. मीठ म्हणून मात्र ते पुरेसं आहे, आणि दोन टक्के मिठाने पंपाचं काय होतं ते आपण पाहिलंच.

जे तेल टाकीत जात नाही आणि कढईतही जात नाही ते गटारात जातं. २०१७ साली लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात रस्त्याखाली अडीचशे मीटर लांब, १३० टनांचा चरबीचा दगड सापडला. मोऱ्यांतून ओतलेलं तेल गोठून गोठून झालेला. पथकाने तो फोडून काढला, त्याचा एक तुकडा संग्रहालयात ठेवला आणि उरलेल्याचं? बायोडिझेल केलं.

तेव्हा यंदा दिवाळीत करंज्या-चकल्या तळून झाल्या की कढईत उरलेलं तेल मोरीत ओतू नका. निवू द्या, गाळून जुन्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा. सोसायटीत पंधरा-वीस घरांनी बाटल्या एकत्र केल्या तर एक डबा भरतो, आणि जळकं तेल नेणारा टेम्पो डबा बघितल्याशिवाय येत नाही. त्याला डबा देताना फक्त एक विचारून घ्या: कढईत टाकणार की टाकीत?